माहेरचं रक्त

“आमच्याकडे असलं काही नाही. हे हिच्या माहेरचं रक्त,” डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आधीच सासूने निकाल दिला.

सुनेच्या मांडीवर पाच वर्षांचा मुलगा धापा टाकत झोपला होता. मानेतल्या गाठी कॉलरच्या वर दिसत होत्या. पुन्हा न्यूमोनिया, पुन्हा सलाईन. नवरा भिंतीला टेकून उभा होता. आई बोलली की मान हलवायची, एवढंच त्याचं काम.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला सारला. “जंतू शिरले की शरीर घाईघाईने पहिल्या प्रकारची प्रतिपिंडं सोडतं. मग आगगाडीने सांधा बदलावा तशा ती बनवणाऱ्या पेशी बदलतात आणि जास्त टिकाऊ, नेमकी प्रतिपिंडं बनवायला लागतात. याच्या पेशींना सांधाच बदलता येत नाही. पहिलीच फळी लढत राहते, मागून कुमक नाही. ती आपण बाहेरून देऊ, दर महिन्याला. मोठा होईल तो.”

“ते द्या हो. पण आलं कुठून हे, तेवढं सांगा,” सासू म्हणाली. “घरी सोक्षमोक्ष लावायचाय मला. ही जाईल आपल्या वाटेने, नातू आमच्याकडे राहील. हिच्या माहेरची भिंतन् भिंत ओळखते मी. बडा घर, पोकळ वासा!”

नवऱ्याने मान हलवली. सुनेचे हात मुलाभोवती आवळले.

“हे एकट्या आईकडून येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बिघडलेलं जनुक आई आणि बाप, दोघांकडूनही यावं लागतं. परक्या घरांत असं जुळणं फार दुर्मीळ. लग्नाआधी दोन्ही घरांत काही नातं होतं का?”

“छे! कसलं नातं?” सासू म्हणाली. जरा जास्तच चटकन.

या वेळी नवऱ्याची मान हलली नाही.

लग्नाच्या दिवशीच सासूने सुनेला दम भरला होता, मला आई म्हणायचं, दुसरी हाक तोंडातून निघता कामा नये. सून ते आजवर इमानाने पाळत आली होती.

तिने मुलाचं डोकं खांद्यावर घेतलं.

“खरं आहे, डॉक्टर. माझ्या माहेरचंच रक्त,” ती म्हणाली. मग सासूकडे वळली. “आपल्या दोघींच्या माहेरचं. नाही का, आत्या?”