अकरा डोकी

रुग्णालयाच्या सभागृहात लावलेल्या पोस्टरवर मेंदूचं रंगीत चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत नवा शोध: डोक्याला तेल लावून वेणी घातली की रुग्णांची अस्वस्थता निम्म्यावर येते. मनोरुग्णालयातली आया सिंधू खरात ते वाचून पेटलीच. चार वर्षांपूर्वी वॉर्डातल्या बायकांना ती हेच करायची, तर अधीक्षकांनी तिच्या हातात मेमो ठेवला होता. कामाच्या वेळेत नट्टापट्टा केला म्हणून.

आज तेच अधीक्षक छाती फुगवून पाहुण्यांना संशोधन समजावत होते. बरी झालेली रुग्ण म्हणून वॉर्डातल्या गोदाआक्काला शेजारी उभं केलं होतं, डोक्यावरून पदर घ्यायला लावून. प्रयोग संपून दोन महिने झाले होते. पदराखाली केसांच्या जटा व्हायला आल्या होत्या आणि आक्का नखांनी डोकं ओरबाडत होती.

"साहेब, आता सोमवारपासून सगळ्यांना तेल लावू ना?" सिंधूने विचारलं.

"प्रयोग संपला, तेल बंद," ते दबक्या आवाजात म्हणाले. "इथे विषय काढू नकोस."

सिंधूने पिशवीतून स्वतःची तेलाची बाटली काढली. आक्काला पोस्टरखाली फरशीवर बसवलं, पदर बाजूला केला आणि मागे फतकल मारली. पाहुणे बघतच राहिले. थोड्या वेळाने आक्काचे हात मांडीवर निवांत पडले.

"सिंधू, ऊठ. मेमो मिळेल."

"द्या की," गुंता सोडवत ती म्हणाली. "पण वॉर्डात अजून अकरा डोकी आहेत. ती झाली की सही करते."