खड्ड्याची जागा

कृषी शिबिरातून परतलेला जीवराम परसात कंपोस्टचा खड्डा आखत होता. शेवग्याखाली शेण, केळीची पानं, पालापाचोळा जमला होता. त्यानं तिथला फुटका पाटा बाजूला फेकला, तशी त्याच्या बायकोच्या हातातली घागर निसटली. पाट्याखाली तिचं दोन दिवस जगलेलं लेकरू होतं. तो सुरतेला असताना त्याच्या आईनं पुरलेलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून पाटा ठेवलेला. त्याला सोसणार नाही म्हणून नदीकाठी पुरल्याचं सांगितलेलं. "आठे नका खंदू!" ती ओरडली. "फुटका पाटा शे, मिरची वाटशी का?" तो हसला. त्यानं कुदळ उचलताच ती तिथं पालथी पडली. "आपलं लेकरू शे आठे." त्यानं कुदळ खाली ठेवली. मग कडुलिंबाखाली आखू लागला. ओट्यावरून त्याची आई धावली. "तठेबी नको, जीवराम. तठे मन्ही पोर शे." तिथं तर खुणेला दगडही नव्हता.