दुसरा कौल

पाकळी डावीकडची पडली.

वाघजाईच्या अंगणात जमलेली माणसं पुढं वाकून बघू लागली. धाकू गुरवानं देवीच्या पाषाणावर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्न सरळ होता: समुद्रापलीकडून आलेल्या परक्या मडमेला सोनूबाईच्या घराची पडवी राहायला द्यावी काय?

मडम अंगणाच्या कडेला आंब्याखाली उभी होती. शेजारी वजीर. तो तरुणपणी आगबोटीवर खलाशी होता, त्यामुळे त्याला इंग्रजी येतं अशी गावाची समजूत होती. त्यानंच तिला खाडीपलीकडून होडीतून आणलं होतं.

“काय झालं?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“नो,” वजीर म्हणाला.

हा शब्द डॉक्टर हेडविगला नवा नव्हता. ती व्हिएन्नाच्या विद्यापीठात बुरशीवर शिकवत असे. यंदा मार्चमध्ये नाझी शहरात आले आणि तिच्या खोलीचं कुलूप बदललं. तिनं कारण विचारलं, तर कारकुनानं खिडकी लावून घेतली. इथं रत्नागिरीच्या कचेरीत तिनं सांगितलं, की सुपारी पावसात कशानं कुजून गळते ते मी शोधून काढीन. साहेबानं अट घातली: महिनाअखेर राहायचा पत्ता द्या, नाहीतर परतीच्या बोटीत बसा. परत म्हणजे व्हिएन्नाला. सरकारी भानगड नको म्हणून रत्नागिरीतल्या बंगलेवाल्यांनी हात वर केले, आणि महिना संपत आला होता.

तिनं सूक्ष्मदर्शकाची पेटी उचलली आणि होडीकडे चालू लागली.

“कुठं चाललीस गो?” सोनूबाई ओरडली. मग धाकूकडे वळली. “आनि तू काय हात पुसत बसलास? आई नाय म्हनाली, तर का नाय म्हनाली ता कोन इचारील?”

वजीरनं धावत जाऊन मडमेला थांबवलं. पुन्हा विचारणार आहेत, म्हणाला.

पुन्हा? हेडविगला कळेना. हवं ते उत्तर येईपर्यंत प्रयोग करत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना तिनं आजवर चांगलंच फैलावर घेतलं होतं. आज मात्र तिनं पेटी खाली ठेवली आणि तोंड मिटून उभी राहिली.

गावचा मानकरी भागोजी मघापासून कपाळाला आठ्या घालून बसला होता. “इचारा की. पन आदी मना सांगा, हिला हिच्या राजानं हाकलली कशापायी? काय केलान हिनं?”

वजीरनं विचारलं. हेडविग म्हणाली, “काही नाही. माझे आजी-आजोबा ज्यू होते.”

“काय म्हनते?”

वजीर डोकं खाजवू लागला. ज्यू म्हणजे यहुदी, हे त्याला ठाऊक होतं. पण या लोकांना यहुदी तरी कसा समजावणार? मग त्याचा चेहरा उजळला. “अरे, शनवार तेली! बाणकोटच्या अंगाला नाय काय, घाणा चालवतात, शनवारी बैल जुंपत नायत. त्यांच्यातली ही.”

“आपले शनवार तेली?” भागोजी उठून उभाच राहिला. “त्यांना कशाला कोन हाकलील? कोनाच्या अध्यात ना मध्यात!”

“मग तू मघाशी परकी मडम म्हनून कशाला सांगितलास आईला?” सोनूबाई धाकूवर उखडली. “देवीशी खोटा बोललास. ती नाय म्हननार नाय तर काय करनार?”

“मना काय ठावं?” धाकू पुटपुटला आणि ताज्या पाकळ्या भिजवू लागला.

हेडविगनं वजीरला विचारलं, “तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“तुम्ही तेल काढणाऱ्यांतल्या.”

“पण मी वनस्पतिशास्त्रज्ञ आहे!”

“मडम,” वजीर म्हणाला, “पाकळी पडेपर्यंत गप्प राहा.”

धाकूनं हात जोडून गाऱ्हाणं घातलं. “आई वाघजाय, शनवार तेल्यांची लेक तुज्या दारात आली हाय. तिच्या मुलखात तिला थारा ऱ्हायला नाय. सोनूबायच्या पडवीत तिला ठेवायची म्हनतोय. तुज्या मनात असंल तर उजवी दे.”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

पाकळ्या हलेनात. काचेखालचा कण न् कण तासन् तास न्याहाळणाऱ्या बाईला त्या दोन पाकळ्या बघवेनात. तिनं डोळे मिटून घेतले. मग एकदम गलका उठला, आणि वजीर तिच्या कानाशी ओरडला, “येस! येस!”

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच आंब्याच्या मुळावर बसली आणि सगळ्यांदेखत रडली. मार्चपासून ती रडली नव्हती. आता रडायला काही हरकत नव्हती.

सोनूबाईनं पेटी उचलून कडेवर घेतली आणि तिच्यापुढं उभी राहून भराभरा बोलू लागली.

“काय म्हणतायत?” हेडविगनं डोळे पुसत विचारलं.

“चूल वेगळी देते म्हणाली. आणि शनवारी तुम्हाला काम चालत नाही, ते तिला माहीत आहे. शनवारी ती स्वतः येऊन तुमच्या चुलीत विस्तव घालील. तुम्ही कशाला हात लावायचा नाही.”

हेडविगच्या घरात दोन पिढ्यांत कुणी शनिवार पाळला नव्हता. ती स्वतः तर शनिवारी प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी पोचायची. हे सांगायला तिनं तोंड उघडलं. सोनूबाई पेटी सांभाळत उत्तराची वाट बघत होती.

“सांगा त्यांना,” हेडविग म्हणाली, “येत्या शनिवारपासून या.”