फोनवरची तोंडी परीक्षा

आईने मुलीला घराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

"अगं, मी अवाक्षर काढणार नाही!" मुलगी दाराबाहेरून ओरडली.

"तुझ्या तोंडावर माझा काडीचा भरवसा नाही. फोन होईपर्यंत जिन्यात बस."

मुलगी हसत जिन्यात बसली. उत्तर सांगितल्याशिवाय तिला खरंच राहवत नसे. विद्यापीठातला इंग्रजी भाषा आणि अध्यापनाचा अभ्यासक्रम तिने आणि वडिलांनी एकाच वर्षी सुरू केला होता. पोस्टातून निवृत्त झालेली माणसं झाडांना पाणी घालतात. हे जाऊन पहिल्या बाकावर बसले. वर्गातली पोरं त्यांना 'आजोबा' म्हणायची. लेक पदवी घेऊन शाळेत शिकवायलाही लागली. आजोबा मात्र शेवटच्या प्रात्यक्षिकात दोनदा आपटले.

प्रात्यक्षिक दिसायला सोपं होतं. इंग्रजीचा गंध नसलेल्या एका माणसाला शिकवायचं. परीक्षेच्या दिवशी परीक्षक त्या माणसाला फोन करून इंग्रजीत चार प्रश्न विचारणार. शेजारी मदतीला कुणी नको. पहिल्या वेळी वडिलांनी ओळखीचा शिंपी धरला. तो फोनवर नुसता हसत राहिला. दुसऱ्या वेळी मेहुणा. त्याने उलट परीक्षकालाच पगार किती म्हणून विचारलं, तेही मराठीत. यंदाची संधी शेवटची होती. तेव्हा कुठे त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली.

आईने वर्षभर भाजी चिरता चिरता धडे घोकले. चुकली की वडील चिडत नसत, 'अगेन' म्हणत. नवरा इतक्या गोडीने बोलतोय, याचंच तिला अप्रूप. "हा कोर्स लग्नाआधीच का नाही केलात?" असं ती विचारायची.

जिन्यात मुलीचा मोबाइल वाजला. वडील होते.

"लिफ्ट बंद आहे गं. परीक्षा पार चौथ्या मजल्यावर. नुसत्या धापा टाकतोय."

"आणि परीक्षक कोण?"

"परदेशी बाई. आपल्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही त्यांना. आईला म्हणावं, घाबरू नकोस."

"तुम्हीच घाबरलेले दिसताय."

"घाम फुटलाय खरा," वडील म्हणाले. "चल, हाक मारतायत."

या वयात तिसऱ्यांदा नापास होणं त्यांना झेपलं नसतं. पोरांनी हसण्यावारी नेलं तरी ते रात्र रात्र जागत, हे मुलीला माहीत होतं.

बऱ्याच वेळाने घरात फोन वाजला. मुलीने दाराला कान लावला. आईचा आवाज पुटपुटल्यासारखा येत होता. मग एकदम चढला, "थँक यू! थँक यू, मॅडम! आय अॅम व्हेरी हॅपी!"

कडी निघाली. आईचा चेहरा नुसता फुलला होता.

"हे पास झाले!" ती म्हणाली. "बाईंनी स्वतःच सांगितलं."

मुलीने तिला कडकडून मिठी मारली. तिला रडूच फुटलं. दोघींनी वडिलांना फोन लावला, पण नुसती रिंग वाजत राहिली.

"पोरांनी उचलून घेतलं असेल," आई म्हणाली. "आता कसला फोन घेतायत!"

"ते राहू दे. तू पहिल्यापासून सांग. काय काय विचारलं?"

आई खुर्चीत ऐटीत बसली. "आधी मी त्यांची बायकोच ना, ते विचारलं. मग म्हणाल्या, 'आर यू अलोन?' मी म्हटलं, 'येस! नो हेल्प!' मला काय नियम माहीत नाहीत? मग म्हणाल्या, 'प्लीज सिट डाउन.' पहिल्याच धड्यातलं वाक्य. मी पटकन बसले."

"फोनवर बसायला सांगितलं?" मुलगी हसली.

"नाहीतर काय! मी बसले की नाही, ते त्यांना दिसणार थोडंच? पण बिचारी फार मऊ बोलत होती. दोनदा सॉरी म्हणाली. मी म्हटलं, 'नो प्रॉब्लेम.'"

मुलीचं हसू मावळलं. "सॉरी कशाबद्दल?"

"फोन करायला उशीर झाला म्हणून असेल."

"आई, ते पास झाले, हे त्या कशा म्हणाल्या? त्यांचेच शब्द सांग."

"सगळं कळलं गं मला. शेवटचा एकच शब्द नवा होता, तो काही यांनी शिकवला नाही." आईने डोळे मिटले आणि धडा म्हणताना म्हणायची तसा एकेक शब्द सावकाश उच्चारला, "युवर... हजबंड... हॅज... पास्ड... अवे." मग डोळे उघडून तिने विचारलं, "'अवे' म्हणजे काय गं?"