गवत साखर सोडत नाही

आकडा तोच आला. बाईंनी नळी पुसून पुन्हा यंत्रात ठेवली, तरी साखर जवळजवळ शून्यच.

ही शेवटची नळी होती. आज दुपारपर्यंत साखर दिसली नाही तर काम बंद, असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं.

गवतापासून साखर, साखरेपासून इंधन. ऐकायला सोपं, पण गवताचा ताठा आधी मोडावा लागतो. पहिल्या वर्षी बाईंनी ते सौम्य आम्लात उकळलं, धुतलं, पाचकरस घातला, तयार होणारी साखर जंतूंनी फस्त करू नये म्हणून दोन थेंब औषध टाकलं, आणि तीन दिवसांत साखरच साखर. साहेबांनी पाठ थोपटली. मग कुठे माशी शिंकली कोण जाणे. पुढची तीन वर्षं आम्ल झालं, चुना झाला, वाफ झाली. झाकण उघडलं की आंबूस वास तेवढा यायचा. घरी मुलगी जन्मली, रांगली, पळायलाही लागली, पण बाईंचं गवत जागचं हललं नाही. गवत नीट शिजतच नाही, अशी त्यांची खात्री पटली होती.

त्यांनी अहवालात तसंच लिहिलं, सही केली आणि पाठवला. तासाभरात खिडकीबाहेर ट्रॅक्टर आला आणि गवताचे वाफे नांगरू लागला. हे बियाणं दुसरीकडे कुठेच नव्हतं. बाईंना रडू आवरेना.

बाटल्या धुणारे-भरणारे मामा चहा घेऊन आले. त्यांचीही नोकरी आजच संपत होती. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय आला, असं बाई म्हणाल्या, तर मामांनी नुसता हात झटकला. मुलगी कशी आहे, एवढंच विचारलं. मजेत आहे, बाई म्हणाल्या.

"मग झालं तर," मामा स्टुलावर टेकले. "आता जाताना सांगतो. तुम्हाला दिवस गेले ना, तेव्हा त्या जंतू मारायच्या औषधाच्या डब्यावरची कवटी बघून मला धडकी भरली होती. सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतंत. तेव्हापासून तुमच्या त्या औषधाच्या बाटलीत मी साधं पाणीच भरतोय."