कितवा महिना?

बागेतल्या बाकावर शलाकाने मांडीवरच्या बाळाची लुळी मान तळहातावर सावरली, टोपडं नीट केलं. शेजारच्या आजींनी विचारलं, "कितवा महिना गं?"

"पाचवा," ती सराईतपणे म्हणाली. खरं तर अकरावा संपत आला होता. पण तसं सांगितलं, की लोक गप्प होऊन बाळाकडे बघत बसतात. बाळ लहानखुरं होतं, खपून जायचं. नवऱ्याला मात्र तिने हे कधी कळू दिलं नव्हतं. "धरेल गं मान," असं तो रोज म्हणायचा. त्याच्याच भरवशावर ती तग धरून होती.

आजी गोंधळल्या. "पाचवा? काल याचे बाबा घेऊन आले होते, ते तर तिसरा म्हणाले."

समोरून नवरा फुगा नाचवत येत होता. "बघ, आता धरेल मान!" तो लांबूनच ओरडला.

आज पहिल्यांदाच शलाकाला वर बघवेना.