निम्म्या गोळ्या

"खरं सांगा बाबा, मध्येच गोळ्या सोडल्या होत्या ना?" टीबीच्या दवाखान्यातल्या सिस्टर कडाडल्या. यंकप्पाच्या थुंकीतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते.

"एक दिस चुकवला न्हाई, देवाशपथ." तेवढ्यात शेजारी बसलेली त्याची बायको दुर्गव्वा पदरात खोकली. सिस्टरांनी वळून पाहिलं. "यांना कधीपासून?"

यंकप्पा ओशाळला. "माझाच खोकला हिला लागला. मग निम्म्या गोळ्या देत हुतो. चाळीस वर्षांत एकट्यानं भाकर खाल्ली न्हाई, औषध कसं खाऊ?"

सिस्टरांचा पारा उतरला. "अहो, यांना वेगळ्या मिळाल्या असत्या की, फुकट! निम्म्या औषधानं जंतू मरत नाहीत, ते औषध पचवायला शिकतात."

आठवड्यानं तिचाही रिपोर्ट तसाच आला. सिस्टरांनी दोघांच्या तळहातांवर नव्या, जालीम गोळ्या वेगवेगळ्या ठेवल्या. "माझ्यासमोर गिळायच्या. वाटावाटी बंद."

मूठभर गोळ्या एकट्यानं खायच्या म्हणजे यंकप्पाला चोरी केल्यासारखं वाटलं. हात तोंडाकडे जाईना. दुर्गव्वानं आपल्या गिळल्या आणि हातातलं फुलपात्र त्याच्यापुढं सरकवलं.

पाणी तिनं बरोबर निम्मं ठेवलं होतं.